सात दसरे आणि एकचा आकडा

जबाब
पोलीस ठाणे भोकर, जि. नांदेड
दि. २७/१०/२०२३, वेळ १७.४० वा.

नाव: श्रीशैल गुंडप्पा कोरे, वय ४७ वर्षे, व्यवसाय: वजनकाटे दुरुस्ती, रा. गंजगोलाईच्या मागे, लातूर.

मी वरील नावाचा इसम ठाण्यात स्वतः हजर राहून महिला पोलीस हवालदार दीपमाला टेकाळे यांच्यासमोर, कोणाच्या दबावाने नव्हे तर मला जे माहीत आहे ते आठवून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी व दोन मुलींसह राहतो. लातुरातील डाळ मिल व आडतीवरील वजनकाटे दुरुस्त करणे हा माझा वडिलोपार्जित धंदा आहे. त्याशिवाय मला मोठ्या रोलचे जुने कॅमेरे जमवून दुरुस्त करण्याचा नाद आहे. असे सात कॅमेरे माझ्याकडे आहेत. हा छंद आहे की धंदा, असे हवालदार मॅडमनी विचारले. धंदा असता तर घरी कोणी काही बोलले नसते, असे मी सांगितले.

सदरचे कॅमेरे छातीशी धरून वरून आत बघायचे असतात. समोर दोन भिंगे, एकाखाली एक. वरच्या भिंगातून आपण बघायचे, खालच्यातून फोटो निघतो. रोल बोटभर नाही, चांगला तीन बोटे रुंद असतो व एका रोलवर बारा चौकोनी फोटो येतात. मोबाईलमध्ये काय कमी आहे, असे मॅडमनी विचारले. मी सांगायला लागलो तेव्हा थोड्या वेळाने त्यांनी पेन खाली ठेवले, म्हणून तो भाग या जबाबात नाही.

आम्हा नादिष्ट लोकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. दि. १२/१०/२०२३ रोजी त्यावर भोकर येथील सुदर्शन गादेवार, वय अंदाजे ३५, यांनी एका कातडी पेटीचा फोटो टाकला. पेटीत जवळून फोटो काढण्याची भिंगांची जोडी होती. ही जोडी कॅमेऱ्याच्या दोन्ही भिंगांवर बसवतात. वरची काच जराशी तिरपी घासलेली असते, कारण वस्तू अगदी जवळ असली की वरच्या भिंगाला जे दिसते तेच खालच्याला दिसत नाही. म्हणजे काच तिरपी करून दोघांचे एकमत घडवून आणतात. पंधरा वर्षांत मी ही जोडी फक्त चित्रात पाहिली होती. मी लगेच फोन केला.

दि. १५/१०/२०२३, रविवार रोजी मी सकाळच्या एसटीने लातूरहून नांदेडला व तेथून भोकरला आलो. सुदर्शन यांचे मोबाईल दुरुस्ती, झेरॉक्स व पासपोर्ट फोटोचे दुकान आहे. त्यांनी काउंटरखालून पत्र्याचा डबा काढला. त्यात भिंगांची जोडी, एक कॅमेरा, भिंगावर लावायची टोपी व भिंगावरचे ऊन अडवायचा कठडा असे सामान होते. कॅमेरा जपानी बनावटीचा, साधारण साठ वर्षे जुना, हळदी-कुंकवाने माखलेला होता. कोणाचा, असे मी विचारले. ते म्हणाले, "काकाचं हाय. काका गेले जानेवारीत. काकूला कशाला लागतंय? अडगळ हाय नुसती." काकूंना विचारले का, असे मी विचारायला पाहिजे होते. मी विचारले नाही. मी त्या वेळी तिरप्या काचेकडे बघत होतो. हे माझे चुकले.

ठरलेली रक्कम मी तेथेच फोनवरून दिली. कॅमेरा जसा मिळाला तशी त्याची नोंद मी माझ्या वहीत करून घेतली. ही माझी काट्यावरची सवय आहे, हात लावण्याआधी काटा कुठे उभा आहे ते लिहून ठेवायचे.

यानंतर जे केले ते मी दि. २५ रोजी ठाण्यात सांगितले नव्हते, ते आज सांगतो. मी कॅमेऱ्याचा घोडा, म्हणजे चाप ताणून ठेवणारी दांडी, ओढला, कॅमेरा तोंडाजवळ उलटा धरला, खालच्या भिंगात डोळा घातला व चाप दाबला. आतल्या पात्याच्या पाकळ्या उघडमीट होतात त्या पाहण्यासाठी असे करतात. पाकळ्या सुरेख उघडल्या. मग मी कॅमेरा पाठीमागून पाहिला. पाठीवर बोटाच्या नखाएवढी लाल काच असते, तिच्यातून रोलवरचा आकडा दिसतो. तिथे १ असा आकडा होता. म्हणजे आत रोल होता, आणि मी त्यावर माझे तोंड उमटवून बसलो होतो.

आत रोल आहे, असे मी सुदर्शन यांना सांगितले. ते म्हणाले, "असंल. काका काय काय ठेवून राहिले हुते." मी कॅमेरा न उघडता पिशवीत घातला व लातूरला परत आलो.

पुढचे आठ दिवस कॅमेरा माझ्या दुकानात टेबलावर होता. मी रोज त्या लाल काचेत बघत होतो. रोल कोणत्या सालचा, त्यावर काय असेल, एक फोटो काढून माणूस का थांबला, हेच डोक्यात होते. रोल धुण्याची औषधे संपली होती, ती मागवली. हळदी-कुंकू व चावीला गुंडाळलेले लाल धागे मी काढले नाहीत. पूजा दुसऱ्याची असली तरी ती आपण पुसू नये, असे मला वाटते.

दि. २३/१०/२०२३ रोजी खंडेनवमी होती. दुकानात काट्यांची व वजनांची पूजा चालू असताना मला भोकर ठाण्यातून फोन आला की कॅमेरा चोरीचा असल्याची तक्रार आहे, घेऊन हजर व्हा. पत्नी म्हणाली, "जावा. आता पोलिसांकडूनच एखादा कॅमेरा घेऊन या." दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दि. २५ रोजी दुपारी १२.३० वा. मी कॅमेरा व सर्व सामान घेऊन ठाण्यात हजर झालो.

तेथे तक्रारदार साखराबाई मल्लेश गादेवार, वय ६६, रा. भोकर, या बसलेल्या होत्या. सुदर्शन हा त्यांचा पुतण्या असून तोही भिंतीशी उभा होता. साखराबाईंचे पती मल्लेश गादेवार यांनी भोकर येथे अडतीस वर्षे फोटो स्टुडिओ चालवला. सुदर्शनचे दुकान त्याच जागेत आहे. मी कॅमेरा टेबलावर ठेवून बाईंना म्हणालो की आपली वस्तू परत घ्या. त्या म्हणाल्या, "कॅमेरा घाला चुलीत. माझ्या माणसाचे फोटो द्या."

त्यांनी सांगितले ते असे. साऱ्या तालुक्याचे फोटो काढणाऱ्या मल्लेशरावांचा स्वतःचा एक फोटो घरात नाही. मोबाईल समोर धरला की ते तोंड फिरवत. वारल्यावर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीला लावला आहे. त्याबद्दल बाई मॅडमना म्हणाल्या, "त्यो हितं ठाण्यात लावा, बाई. हितं शोभंल. घरात चोर बसल्यावानी दिसतंय."

रोलचे काम बंद झाले तेव्हा, सन २०१६ मध्ये, मल्लेशरावांनी उरलेला शेवटचा रोल या कॅमेऱ्यात भरला. खंडेनवमीला कॅमेऱ्याची पूजा झाली की आपण घरातल्या खुर्चीवर बसायचे व बायकोने एक फोटो काढायचा, असे त्यांनी ठरवले. बारा फोटो, बारा दसरे. मधेच धुऊन बघू, असे बाई एकदा म्हणाल्या तर ते म्हणाले, "रोल संपल्याबिगर धुयाचा न्हाई. आमच्या धंद्याची रीत हाय." सात दसरे झाले व जानेवारीत ते गेले. वर्षाच्या आत सण करत नाहीत, पण हत्याराची पूजा चुकवायची नाही, म्हणून बाईंनी यंदा ट्रंक उघडली, तर कॅमेरा नव्हता; सुदर्शनला विचारल्यावर माझे नाव निघाले.

मुद्देमाल जप्त करायचा तर आत काय आहे ते पंचांसमोर बघावे लागेल, असे निघाले व एका कर्मचाऱ्याने कॅमेऱ्याच्या पाठीच्या खिटीला हात घातला. मी ओरडलो. ठाण्यात तसे ओरडलो त्याबद्दल मी दिलगीर आहे. उजेड लागला की रोल कायमचा जातो, असे मी सांगितले. मॅडमनी त्या कर्मचाऱ्याला थांबवले व विचारले, "मग न उघडता आतलं बघायचं कसं?" मी लाल काच दाखवली. मॅडमनी पाहिले, पंचांनी पाहिले, सुदर्शनने पाहिले, चहा घेऊन आलेल्यानेही पाहिले. सर्वांना १ हाच आकडा दिसला.

त्यावर मॅडम म्हणाल्या, "सात फोटो काढले तर सात पाहिजे. एक कसा?" मलाही तोच प्रश्न पडला होता. साखराबाई उठून उभ्या राहिल्या व माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ह्यानं बदलला. माझा माणूस काढून दुसरा रोल घातला ह्यानं." मी रोल बदलला नव्हता, पण ते दाखवायला माझ्याजवळ काही नव्हते. तीस वर्षे लोकांच्या वजनकाट्याचा खरेपणा मी सांगत आलो, आणि त्या दिवशी माझ्याच खरेपणाला पारडे मिळेना.

मॅडम कॅमेरा हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघत होत्या. त्यांनी विचारले, "ही बाजूची चावी कशाची?" एक फोटो झाला की ती चावी फिरवून रोल पुढे सरकवायचा असतो, नाहीतर पुढचा फोटो आधीच्यावरच पडतो, असे मी सांगितले. त्यांनी विचारले, "मग हिला धागे कुणी बांधले?" साखराबाई म्हणाल्या, "म्या. दरसाली एक." मॅडमनी टाचणीने धागे न तोडता मोजले. सात होते. प्रत्येक धागा चावीला वेढून पट्ट्याच्या कडीला बांधलेला, हळदीने घट्ट चिकटलेला. धागा न तोडता चावी पाव आटाही फिरत नव्हती. खालचा धागा विटून पांढुरका झाला होता.

मॅडमनी बाईंना फोटो कसा काढत होतात ते करून दाखवायला लावले. बाईंनी खुर्चीसमोर उभे राहून हवेत अंगठा दाबला व हात जोडले. "घोडा तेच ओढून ठेवत हुते," असे त्या म्हणाल्या. चावी कधी फिरवली, असे मी विचारले. बाई म्हणाल्या, "फोटू झाला की ते खुर्चीवरून इचारायचे, चावी फिरवलीस का? म्या हाव म्हणत हुते. पूजेचा धागा तोडून चावी फिरवावी काय? त्या दिवशी हत्यार चालवत न्हाईत. वाटलं, मशीन हाय, ठेवून घेतंय आपल्या आपण."

म्हणजे रोल बदललेला नव्हता, हे सर्वांना पटले. मॅडमनी तसे लिहून घेतले. माझा जीव भांड्यात पडला, परंतु तो फार वेळ तिथे राहिला नाही. कारण सातही दसरे एकाच चौकोनावर एकावर एक पडले होते. साखराबाईंनी मला विचारले, "भाऊ, मग समदं खराब झालं का?" मला माहीत नाही, असे मी सांगितले. एका जागेवर सात वेळा उजेड पडला की बहुधा काळा गोळा तयार होतो, हे मी त्यांना सांगितले नाही. आठव्यांदा माझे तोंड पडले आहे, हेही नाही. त्या पुन्हा बाकावर बसल्या व पदराने कॅमेऱ्यावरचे माझ्या बोटांचे ठसे पुसू लागल्या.

रोल ठाण्यातच, पंचांसमोर धुवावा असे ठरले. कॅमेरा लाखेने सीलबंद करून ठाण्यात ठेवला. मी लातूरला जाऊन औषधे घेऊन आज दि. २७ रोजी सकाळी १०.०० वा. परत आलो. सुरुवात करण्याआधी मी मॅडमना एकटे गाठून चाप दाबल्याचे सांगितले. त्या म्हणाल्या, "हे तुम्हीच सांगा त्यांना. मी न्हाई सांगणार."

रोल अंधारात औषधाच्या डब्यात भरावा लागतो. त्यासाठी दोन बाह्या असलेली काळी दुहेरी पिशवी असते, सामान आत टाकून बाह्यांतून हात घालायचे व चाचपडत काम करायचे. आधी रिकाम्या पिशवीत मॅडमनी दोन्ही हात घालून आत दुसरा रोल लपवलेला नाही याची खात्री केली. नंतर दोन पंचांपैकी शिंपीकाका यांनीही हात घातले व शिलाई चांगली असल्याचे सांगितले. साखराबाईंनी स्वतःच्या हाताने सातही धागे कापून पदराच्या गाठीत बांधले. मग मी कॅमेरा पिशवीत घेतला.

औषधात रोल किती वेळ ठेवायचा हे ठरवण्यासाठी मी माझी वही उघडली. त्यात कॅमेरा मिळाला तेव्हाची नोंद होती: भिंगाचे तोंड १६ वर. हा आकडा जितका मोठा तितके तोंड बारीक. कॅमेऱ्याच्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला आतून मल्लेशरावांच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली आहे: "घरात, दोन दिवे लावून, ५.६." म्हणजे चिठ्ठीप्रमाणे जेवढा उजेड पाहिजे त्याच्या आठवा हिस्साच आत जात होता. अडतीस वर्षे स्टुडिओ चालवलेल्या माणसाची अशी चूक कशी झाली, याचे मला नवल वाटले. तेव्हा मी त्यावर जास्त विचार केला नाही. औषध गरम होऊ नये म्हणून ठाण्यातील माठाचे पाणी वापरले. रोल जुना म्हणून अकरा मिनिटे ठेवला.

रोल बाहेर काढून खिडकीशी धरला. पट्टीच्या सुरुवातीला एक चौकोन उमटला होता, पुढची पट्टी कोरी होती. काळा गोळा झालेला नव्हता. पट्टी रेकॉर्ड खोलीत दोरीला चिमटे लावून वाळवली. मोबाईलच्या पांढऱ्या पडद्यावर ती ठेवून तिचा फोटो घेतला व काळ्याचे पांढरे करून सुदर्शनने आपल्या दुकानातील मशीनवर मोठी प्रत काढली. ती घेऊन आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तो काकूंना म्हणाला, "काका आले." एवढेच बोलून तो बाहेर जाऊन बसला.

फोटोत खुर्ची, मागचा पडदा व खुर्चीवर बसलेले मल्लेशराव दिसतात. सदरे सात असल्यामुळे अंगावर रेघा व चौकडे एकात एक मिसळले आहेत. मिशी काळीही आहे व पांढरीही. परंतु चेहरा एकच आहे. नाक एक, दोन डोळे, नजर समोर. केसाइतका फरक असेल, जास्त नाही. माझ्या आयुष्यात मी असा फोटो पाहिलेला नाही.

साखराबाईंनी प्रत आधी लांब धरली, मग जवळ घेतली. त्या म्हणाल्या, "हलले न्हाईत." आणि रडल्या. नंतर फोटोत खांद्याजवळ एक फिकट पांढरा डाग होता त्यावर बोट ठेवून हे काय, असे विचारले. तो मी आहे, असे सांगून मी घडलेला प्रकार कबूल केला व माफी मागितली. बाईंनी डागाकडे पुष्कळ वेळ पाहिले व म्हणाल्या, "तुम्ही लई हललात, भाऊ." मॅडमना हसू आवरले नाही. मलाही.

यानंतर मॅडम व दोन्ही पंचांसह आम्ही साखराबाईंच्या घरी जागेची पाहणी केली. खुर्ची जागेवर आहे. तिच्या चार पायांखाली फरशीवर तांबड्या रंगाचे चार ठिपके आहेत व समोर सहा फुटांवर कॅमेऱ्याच्या तिपाईच्या पायांसाठी तीन. ठिपके कोणी काढले, असे मॅडमनी विचारले. बाई म्हणाल्या, "ह्यांनीच. दुसऱ्या साली. कॅमेरा ट्रंकेतून काढला, उलटापालटा करून बघितला, जरा हसले, आन् रंगाची डबी घेऊन बसले."

तेव्हा माझ्या डोक्यात सगळे जुळले. मी बाईंना सांगितले की दुसऱ्या वर्षी त्यांना चावीचा धागा दिसला असणार, लाल काचेतला १ सुद्धा. चावी फिरत नाही हे त्यांना कळले होते. म्हणून त्यांनी जागा आखली, भिंगाचे तोंड बारीक केले व पुढे दरवर्षी उजेडाचा आठवा हिस्साच आत जाऊ दिला, म्हणजे सगळे मिळून एकच फोटो व्हावा. आणि प्रत्येक वेळी त्याच जागी, न हलता बसले. धागा मात्र त्यांनी तोडला नाही.

बाई खुर्चीचा हात धरून उभ्या होत्या. त्यांनी मला विचारले, "त्यांला ठावं हुतं, तर मग दरसाली मला इचारायचे कशाला, चावी फिरवलीस का म्हणून?"

मॅडमनी हा प्रश्न पाहणीच्या कागदावर जसाच्या तसा उतरवून घेतला.

कॅमेरा, भिंगांची जोडी व इतर सर्व सामान साखराबाईंना परत देण्यास माझी संमती आहे. मी दिलेली रक्कम मला नको. पुतण्यावर कारवाई करू नये, असे बाईंनी माझ्यासमोर सांगितले आहे. तिरप्या काचेची जोडी माझ्या मनातून गेलेली नाही, हेही खरे म्हणून लिहावे.

हा जबाब मला मोठ्या आवाजात वाचून दाखवण्यात आला व मी तो समजून घेतला. मी जे बोललो तेच यात आहे. कॅमेऱ्यांविषयी मी जास्तीचे जे सांगितले ते गाळले आहे, त्यास माझी हरकत नाही.

समक्ष
(सही) म.पो.हवा. दीपमाला टेकाळे
(सही) श्रीशैल गुंडप्पा कोरे